पुरे म्हणजे पुरे

"दाजी, ताटं आणलीत ना?"

दार उघडता उघडता विश्वासरावांनी हे विचारलं. या, बसा वगैरे नंतर. मी तीन जिने चढून आलो होतो, आणि हॉलंडमधला जिना म्हणजे काय, तर शिडीला रंग दिला की झाला जिना. माझ्या हातात कापडी पिशवी होती आणि तिच्यात स्टीलची तीन ताटं आणि तीन वाट्या खणखणत होत्या. सांगलीला आमच्या घरी पाहुणा आला तर त्याच्या घोड्यालाही चंदी मिळायची, अशी आमच्या आजोबांची बढाई असे. आणि त्यांचा नातू साडूकडे जेवायला स्वतःचं ताट घेऊन आला होता.

"आणलीत की," वैजू म्हणाली. वैजू म्हणजे माझी बायको. तिच्या आवाजात लाज नव्हती, कौतुक होतं, आणि तिथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

विश्वासराव म्हणजे वैजूच्या धाकट्या बहिणीचे, अरूचे, यजमान. नवरा, बायको आणि दोन मुली, म्हणून घरात ताटं चार. पाचवं घ्यायचंच नाही असा त्यांचा नेम. पाहुण्यानं आपलं आपण आणावं. खोल्या दोन, गादीवजा बैठक एक, टीव्ही नाही, गाडी नाही. सायकली मात्र चार. आल्या-गेल्याला ते घर देवळासारखं दाखवलं जाई, आणि लोकही आत शिरल्यावर आवाज खाली आणून बोलत.

जेवायला पिठलं-भाकरी होती. भाकरी विश्वासराव स्वतः थापायचे आणि वाढायचेही स्वतः. पिठलं फर्मास झालं होतं, हे मला मान्य करावंच लागेल. माझी पहिली भाकरी संपली तसे ते दुसरी घेऊन आले.

"दाजी, भाकरी?"

"पुरे, पुरे," मी म्हणालो.

आता आपल्याकडे पुरे हा बोलणं सुरू करायचा शब्द आहे. पाहुणा पुरे म्हणतो, यजमान वाढतो, पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, यजमान बोटांच्या फटीतून तूप सोडतो, आणि मग "कशाला, कशाला" करत पाहुणा पोटभर जेवतो. मी शिरस्त्याप्रमाणे हात आडवा धरला. विश्वासराव "बरं" म्हणाले आणि पुढच्या ताटाकडे गेले. माझा हात तसाच ताटावर राहिला.

पुढचं ताट सईचं होतं. सई आमची एकुलती एक, तेव्हा सात वर्षांची. ती म्हणाली, "काका, अर्धी." त्यांनी अर्धी वाढली. मग म्हणाली, "आता पुरे."

"पुरे म्हणजे?" विश्वासरावांनी विचारलं.

"पुरे म्हणजे पुरे!" तिन्ही मुली एका सुरात ओरडल्या आणि खिदळल्या. या घरातली ही रोजची गंमत असावी.

"मी कोल्हापुरात बोर्डिंगात वाढलो बघा, दाजी," विश्वासराव मला म्हणाले. "तिथं वाढपी एकदाच येतो. पुरे म्हटलं की गेला पुढं, परत विचारत नाही. त्यानं माणूस शहाणा होतो. काय पाहिजे ते सरळ सांगायला शिकतो."

"छानच की," मी म्हणालो आणि दुसऱ्याच्या घरातल्या दुसऱ्या भाकरीकडे बघत पाणी प्यायलो.

घरी परतताना गाडीत वैजू म्हणाली, "किती हलकं वाटतं नाही त्यांच्याकडे?"

"वाटणारच हलकं. पोटात काही गेलं तर ना!"

"तुम्हीच पुरे म्हणालात."

"म्हणजे? मग काय आणखी दे म्हणायचं? साडूच्या घरी?"

ती हसली. घरी येऊन मी फ्रिजमधली परवाची आमटी उभ्यानंच भाताबरोबर खाल्ली. आमचं घर ऐसपैस होतं. वरखाली चार खोल्या, मागं बाग, गाडीला गॅरेज. सांगलीहून समुद्रमार्गे आणलेला सागवानी झोपाळा दिवाणखान्यात टांगला होता. बारा माणसांचा डिनर सेट काचेच्या कपाटात होता आणि त्यातून जेवायला बारा माणसं कधीही आली नव्हती, पण आली असती तर उपाशी गेली नसती. हे सगळं मी कमावलं होतं. आठवड्यातले तीन दिवस कारखान्यांना भेटी देत जर्मनी, बेल्जियम पालथं घालून कमावलं होतं.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी विश्वासरावांवर जळत होतो, हे स्वच्छच सांगतो. त्यांच्याकडे माझ्या निम्म्यानंही काही नव्हतं आणि तरी मी जळत होतो, ही त्यातली चीड आणणारी गोष्ट. ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्यावर जळावं, त्यात काही शोभा तरी आहे. ज्याच्याकडे चार ताटं आहेत त्याच्यावर काय जळायचं? पण वैजूच्या तोंडी उठता-बसता विश्वासराव. विश्वासराव चारच दिवस काम करतात. विश्वासराव बुधवारी घरी असतात. विश्वासराव मुलींच्या वेण्या घालतात. एकदा मी म्हणालो, "मलाही येतात वेण्या." सई म्हणाली, "कुठे येतात?" ते खरं होतं.

त्या देशात बुधवारी शाळा दुपारीच सुटते. वैजूची नोकरी दिवसभराची, मी परगावी, त्यामुळे दर बुधवारी सई मावशीकडे, म्हणजे विश्वासरावांकडे, जायची. मला त्यात गैर काही वाटलं नव्हतं. मग एका रविवारी आम्ही दोन्ही घरं मिळून कालव्याकाठी फिरायला गेलो असताना ती मावसबहिणीच्या जुन्यापान्या सायकलवर बसली आणि पुलावरून सरळ पलीकडे गेली.

"बाबा, बघ! एक हात सोडून!"

मी तिच्यासाठी लाल सायकल आणून ठेवली होती. मागच्या वाढदिवसापासून ती गॅरेजमध्ये होती. उन्हाळा आला की मी शिकवणार होतो.

"कोणी शिकवलं गं?"

"काकांनी. बुधवारी."

विश्वासराव शेजारी उभे होते. "दोन बुधवारांत शिकली, दाजी. हुशार आहे पोरगी." मी "आहेच" म्हणालो.

फेब्रुवारीत सईची पोहण्याची पहिली परीक्षा आली. हॉलंड म्हणजे जिकडे तिकडे पाणी, म्हणून तिथं प्रत्येक मुलाला ही परीक्षा द्यावी लागते, आणि तीही कपडे-बूट घालून, कारण कालव्यात पडणारं मूल पोहायचे कपडे घालून पडत नाही. पाण्याखाली एक ताडपत्री सोडतात, तिच्यातल्या भोकातून पोहत पलीकडे निघावं लागतं. सईला त्या भोकाची भीती वाटायची. तिच्या स्वप्नात ते भोक यायचं.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तिला कुठूनसं घेऊन मी घरी येत होतो. ती मागं बसली होती. माझा फोन चालू होता, बेल्जियममध्ये एक मशीन बंद पडलं होतं आणि तिथला माणूस माझ्या कानात रडत होता.

"बाबा, बुधवारी तू येशील?"

"बघू हं."

"काठावर बसता येतं. येशील?"

"बघतो, राणी."

"बाबा, येशील का पण? सांग ना. येशील का?"

"पुरे, सई. बोलतोय ना मी फोनवर?"

मला यायचं होतंच. घरी गेल्यावर ती पुन्हा विचारेल, मग जरा कामाचं सांगून, जरा आढेवेढे घेऊन हो म्हणायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. बुधवारची बेल्जियमची भेटसुद्धा मी पुढं ढकलली. पण त्या संध्याकाळी तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

शनिवारी पोहण्याच्या शाळेतून दोन निळे पास आले. तलावाच्या काठावर खुर्च्या कमी, म्हणून एका मुलामागे दोनच माणसं. बाकीच्यांनी वरच्या कँटीनच्या काचेतून बघायचं.

जेवताना वैजूनं विचारलं, "मग सई, पास कोणाला देणार?"

"एक तुला," सई म्हणाली, "आणि एक विश्वासकाकांना."

वैजूनं माझ्याकडे पाहिलं. मी पोळीचा तुकडा मोडला. मला वाटलं, आता वैजू म्हणेल, अगं, बाबांना नको का? आणि सई म्हणेल, अरे हो, बाबा, घे ना, घेच. मग मी जरा थांबून घेईन.

"बाबांना काम असतं," वैजू म्हणाली. सईनं मान डोलावली.

"असतंच," मी म्हणालो. "भरपूर असतं."

बुधवारी मी गेलो. ऑफिसातून निघालो, गाडी लांब लावली, मागच्या जिन्यानं कँटीनमध्ये चढलो आणि काचेपाशी एका खांबाच्या आड उभा राहिलो. आजूबाजूला आजी-आजोबांची गर्दी होती. खाली काठावर वैजू आणि तिच्या शेजारी विश्वासराव, मांडीवर टॉवेल घेऊन. तो आमच्या घरचा टॉवेल होता, पिवळा, मी विमानतळावरून आणलेला.

सई कपड्यांनिशी पाण्यात उतरली. टी-शर्ट फुग्यासारखा फुगला आणि मग चिकटला. बुटांमुळे पाय जड पडत होते. ताडपत्रीजवळ आल्यावर ती थबकली. तिनं काठाकडे पाहिलं. विश्वासरावांनी अंगठा वर केला. ती खाली गेली, दिसेनाशी झाली, आणि मी त्या काचेला दोन्ही तळहात लावले. मग ती पलीकडे वर आली.

बाहेर येऊन ती निथळत सरळ टॉवेलमध्ये शिरली. त्यांनी तिचं डोकं खसाखसा पुसलं. माझ्या शेजारची एक डच आजी मला म्हणाली, "किती गोड! वडील किती कौतुकानं पुसतायत!"

काय सांगणार? खांबाआडचा तो मी, असं? मी जिना उतरून गाडीत जाऊन बसलो. मला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तो विश्वासरावांच्या एकेका वस्तूवर येत होता. म्हणजे त्यांच्याकडे नसलेल्या एकेका वस्तूवर. टीव्ही नाही म्हणून वेळ. गाडी नाही म्हणून सायकल. मोठं घर नाही म्हणून पाचवा दिवस नाही. या माणसानं काहीही न घेता माझी मुलगी घेतली होती. ठीक आहे, मी म्हणालो. काही नसण्यातच जर मोठेपणा असेल, तर माझ्याकडेही काही नसेल. साडूपेक्षा कमी असेल.

घरी आल्यावर वैजूला सांगितलं, "मी बुधवारी सुट्टी घेणार. दर बुधवारी. आणि हे घर सोडायचं."

तिनं हातातली किल्ली टेबलावर ठेवली. गेली दोन वर्षं ती हेच म्हणत होती आणि मी हसण्यावारी नेत होतो. "अचानक काय झालं?"

"काही नाही. हलकं राहायचं."

"कोणासाठी?" तिनं विचारलं.

"आपल्यासाठी. दुसरं कोणासाठी?"

माझा डच साहेब खूश झाला. तिकडे बाप मुलांसाठी एक दिवस घरी राहतात आणि त्या दिवसाला चक्क बाबाचा दिवस म्हणतात. तुझ्या तोंडून हे कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं, असं म्हणून त्यानं माझा हात जोरजोरात हलवला. परगावच्या भेटी दुसऱ्याकडे गेल्या, आणि त्यांच्याबरोबर बढतीही गेली. तिचं मला वाईट वाटलं, पण तेव्हा मी पेटलो होतो.

एप्रिलच्या शेवटी राणीचा दिवस असतो. सगळा गाव नारिंगी कपडे घालून रस्त्यावर चटया अंथरतो आणि घरातल्या नकोशा वस्तू विकायला मांडतो. आम्ही सतरंजी अंथरली. डिनर सेट, दोन मिक्सर, टीव्ही, इस्त्रीची टेबलं, न वापरलेल्या चादरी. झोपाळा कड्यांसकट मांडला. एका म्हाताऱ्यानं तो बागेत टांगण्यासाठी नेला आणि आमच्या सागवानावर पाऊस पडणार म्हणून मी दोन दिवस हळहळलो.

संध्याकाळी आईचा सांगलीहून फोन आला. काय केलंस आज, तिनं विचारलं. मी दमलो होतो, सहज बोलून गेलो, "काय सांगू आई, आज सगळा संसार रस्त्यावर मांडून बसलो होतो."

"अरे देवा! नोकरी गेली काय रं, शशी?"

"नाही गं आई, इथली पद्धतच आहे तशी..."

"पद्धत कसली आलीय बाळा, संसार रस्त्यावर यायची? वैजू कुठाय? बरी हाय न्हवं? लपवू नको काही!"

रात्रीपर्यंत धाकट्या भावाचा फोन आला, मग मामाचा. मामा म्हणाले, विमानाचं तिकीट काढतो, निघून या, मिरचीच्या वखारीत तुझ्यासाठी काम आहे. वैजू उशीत तोंड खुपसून हसत होती. बऱ्याच दिवसांनी मी तिला तशी हसताना पाहिलं, आणि तेही माझ्यामुळे, म्हणून मला मामांचा राग आला नाही.

जूनमध्ये आम्ही विश्वासरावांच्या शेजारच्या गल्लीत दोन खोल्यांत आलो. त्यांचा तिसरा मजला, मी दुसरा घेतला, म्हणजे जिनासुद्धा एक कमी. गाडी विकली. आमची माणसं तीन, म्हणून ताटं तीन. त्यांची चार.

"दाजी, तुम्ही आम्हाला मागं टाकलंत की ओ," विश्वासराव म्हणाले, आणि मी महिनाभर त्या वाक्यावर जगलो.

पण बुधवारी काय झालं, ते सांगितलं पाहिजे. पहिल्या बुधवारी मी शाळेच्या दारात उभा राहिलो. सई आली, मला पाहून थबकली, "बाबा, तू?" म्हणाली आणि माझा हात धरला. कोपऱ्यापर्यंत धरला. कोपऱ्यावर म्हणाली, "मी काकांकडे जाऊ? आम्ही आज पतंग करणारोत."

"जा की," मी म्हणालो. मला वाटलं, ती म्हणेल, तूही चल. ती "बरं" म्हणाली आणि पळाली.

मी घरी आलो. घरात माणूस नाही. टीव्ही होता तो विकलेला. झोपाळा होता तो म्हाताऱ्याच्या बागेत. तीन ताटं होती, ती घासून ठेवली. खिडकीत उभं राहिलं की विश्वासरावांच्या गच्चीचा एक कोपरा दिसायचा. तिथून पतंग वर चढला. मी त्याला गोता खाताना पाहिलं आणि मला बरं वाटलं. मग तो पुन्हा चढला.

पुढं पुढं काही बुधवारी ती माझ्याबरोबर राहायची. मी तिला भाकरी थापायला शिकवायला गेलो तर तिनंच मला शिकवलं. लाल सायकल आखूड पडायला लागली होती, तरी आम्ही कालव्याच्या कडेनं चिखलवाटेनं जाऊन आलो, ती पुढं, मी मागं, आणि तिनं वाटेत मला तिच्या वर्गातल्या एका खोटारड्या पोराची गोष्ट सांगितली. ती संपेपर्यंत आम्ही घरी पोचलो होतो. मला सुख झालं नाही असं नाही. पण मध्येच ती म्हणायची, "काका असं नाही करत," की झालं.

ऑक्टोबरात दुसरी परीक्षा ठरली. या वेळी लांब बाह्या, लांब विजार आणि ताडपत्री आणखी लांब. पुन्हा दोन निळे पास येणार होते. मी तयार होतो. माझ्याकडे बुधवार होता, ताटं तीन होती, वेण्यासुद्धा यायला लागल्या होत्या. एवढ्यावर मी तो पास जिंकणार होतो.

तशात विश्वासराव आणि अरू घरी आले. चहा घेता घेता विश्वासराव म्हणाले, "दाजी, एक बातमी आहे. आम्ही टेक्सासला चाललो. पुढच्या महिन्यात."

"फिरायला?"

"नाही ओ. कायमचंच. नोकरी मिळाली. घरही बघितलंय. पाच खोल्या, तीन गाड्यांचं गॅरेज..."

"आणि पोहण्याचा तलाव," अरू म्हणाली. "स्वतःचा."

माझ्या हातातला चहा निवला. "आणि ती चार ताटं?"

"ती काय, देऊन टाकू कोणाला तरी."

"विश्वासराव," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला, "अहो, मी गाडी विकली! झोपाळा विकला! आईला वाटतंय मी भिकेला लागलो!"

ते खरोखर गोंधळले. "पण दाजी, तुम्हाला विका कोण म्हणालं?"

तेल गेलं, तूप गेलं, आणि धुपाटणंसुद्धा मी राणीच्या दिवशी विकून बसलो होतो. सगळ्यात वाईट म्हणजे आता तो पास मला आपोआप मिळणार होता. साडू नाही म्हणून उरलेला. तसा नको होता मला. विश्वासराव समोर असताना मला हवा होता.

पण परीक्षा त्यांच्या जाण्याच्या आधीच निघाली. त्याआधीच्या रविवारी आम्ही त्यांना निरोपाचं जेवायला बोलावलं. "येताना ताटं घेऊन या," मी फोनवर सांगितलं, आणि ते सांगताना मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही. अरूनं पिशवीतून चार ताटं आणली. मी भाकरी थापल्या आणि मीच वाढायला उभा राहिलो.

सईनं निळे दोन पास पाण्याच्या तांब्याखाली ठेवले होते. तिकडे कोणी बघत नव्हतं आणि सगळे बघत होते.

"विश्वासराव, भाकरी?"

"पुरे."

मी पुढं गेलो. त्यांच्या नजरेत किंचित काही हललं असं मला वाटलं. मी मागं वळलो नाही.

"सई," विश्वासराव म्हणाले, "या खेपेला एक पास बाबांना दे बघू. मी काय, चाललोच आहे."

हे मला त्यांनी द्यायचं? मी परातीकडे वळलो. "राहू दे," मी म्हणालो. "तिला ज्याला द्यायचाय त्याला देऊ दे."

"बाबांना नको असतो," सई म्हणाली.

अगदी साध्या आवाजात म्हणाली. कोणाला कारलं आवडत नाही हे सांगावं तसं.

"कोण म्हणालं तुला?" वैजूनं विचारलं.

"मी विचारलं होतं मागच्या वेळी. गाडीत. तीनदा विचारलं. बाबा पुरे म्हणाले."

भाकरी माझ्या हातात होती आणि ती गरम होती, हे मला नंतर कळलं.

"मग पुन्हा का नाही विचारलंस?" मी म्हणालो. "घरी आल्यावर विचारायचं होतंस. मी येणार होतो! मी बेल्जियमला नाही म्हणून सांगितलं होतं. मी वाट बघत होतो, सई."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग विश्वासरावांकडे पाहिलं. तिला हे गणित सुटत नव्हतं. "पण तू पुरे म्हणालास ना," ती म्हणाली. "पुरे म्हणजे पुरे. परत नाही विचारायचं."

या वेळी कोणी खिदळलं नाही. विश्वासरावांनी मान खाली घातली. वैजू माझ्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत, फेब्रुवारीत खांबाआड कोण उभं होतं ते तिला पहिल्यापासून ठाऊक असल्याचं मला स्पष्ट दिसलं. वर्षभर मी ताटं मोजत होतो. माझी मुलगी मी नको म्हटलेलं पुन्हा वाढायचं नाही म्हणून शहाण्यासारखी पुढं निघून गेली होती, आणि मी ताटावर हात आडवा धरून बसलो होतो.

मी परात खाली ठेवली आणि माझ्या ताटावर येऊन बसलो.

"मला हवाय," मी म्हणालो.

"काय?"

"पास. मला पास हवाय, सई. मला यायचंय."

ती उठली. तांब्याखालचे पास ओले झाले होते, ते तिनं फ्रॉकला पुसले. मग अगदी विश्वासरावांसारखी, पाठ ताठ ठेवून, एकेका ताटावरून माझ्यापर्यंत आली आणि एक पास माझ्या ताटात ठेवला, भाकरीच्या शेजारी.

"अजून?" तिनं विचारलं.

दुसरा पास तिच्या हातात होता. वैजू समोर होती. विश्वासराव समोर होते. पंधरा दिवसांनी ते टेक्सासला जाणार होते आणि तिथं त्यांचा स्वतःचा तलाव होता. चांगला माणूस या जागी काय म्हणाला असता, ते मला ठाऊक होतं.

"हो," मी म्हणालो. "अजून."

"अहो!" वैजू म्हणाली.

सईनं दुसराही पास माझ्या ताटात वाढला आणि वाट बघत उभी राहिली. मी पुरे म्हणालो नाही.

बुधवारी मी काठावर अगदी पुढं बसलो. वैजू आणि विश्वासराव वर कँटीनच्या काचेपाशी होते. जागा चांगली आहे ती, मला ठाऊक आहे. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यावर पिवळा टॉवेल ठेवला.